ओसरीवरील चार फ्रिज व ओझोनच्या थराबाबत

प्रति,
मा. अधिकारी
(ओझोनचा विषय ज्यांच्या टेबलावर येत असेल ते),
जिल्हा मुख्यालय, वाशीम.

विषय : माझ्या ओसरीवर जमा झालेल्या जुन्या फ्रिजांतील वायू शास्त्रोक्त काढून नेणेबाबत.

संदर्भ : ओझोन दिनी गावच्या शाळेत झालेले माझेच भाषण.

महोदय,

सूर्याच्या दाहक किरणांपासून सकल जीवसृष्टीचे रक्षण करणारा ओझोनचा थर अबाधित राखणे हे मानवजातीचे आद्य कर्तव्य होय. सदर कर्तव्य तूर्त माझ्या ओसरीवर उभे असून त्यामुळे माझी झोपायची बाज गोठ्यात गेली आहे.

१) जुन्या फ्रिजमधला वायू मोकळा सुटला की वर चढत जातो आणि त्यातल्या क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे लाखभर रेणू फस्त करतो, असे मी भाषणात सांगितले. इथवर ठीक होते. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर माणूस थांबत नाही. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो, तेव्हा जुना फ्रिज भंगारात न देता माझ्याकडे आणून ठेवा, आणि एकदा ठेवला की सरकारी जाणकाराशिवाय कोणीही त्याला हात लावू नका, असेही मी बोलून गेलो.

२) आमचे गाव वक्त्याचे ऐकत नाही, असा माझा अनुभव होता. दुसऱ्याच दिवशी शेजारी जगदेव ट्रॉलीत फ्रिज घालून हजर झाला. वाटेत त्या फ्रिजला बसलेले धक्के ओझोनला न कळोत. “काकाजी, तुमीच त् म्हनलं व्हतं. घ्या, सांभाळा आता आभाळ,” एवढे बोलून तो दारासमोरच फ्रिज उभा करून गेला. दुसरा पलीकडच्या घरातल्या धनीबाईने आणला. तिसरा सकाळी उठलो तेव्हा आपोआप आलेला होता. चौथा आमचाच. तो भंगारवाल्याला देऊन बदल्यात स्टीलची परात घ्यायची, असे सौ. सोजरबाईने ठरवले होते. माझ्या भाषणाने तिची परात गेली.

३) आता हे फ्रिज हलवायला गावात कोणी तयार नाही. जगदेवला विनंती केली असता, “नळी तुटली त् पाप कोनाच्या माथी?” असे त्याने मलाच विचारले. तिसऱ्या फ्रिजला दार नसल्याने त्यात धनीबाईची कोंबडी अंड्यांवर बसली असून तिला उठवण्यास धनीबाईची सक्त मनाई आहे. सौ. अंग तिरके करून घरात शिरते आणि प्रत्येक वेळी म्हणते, “आभाळाले भोक पडून राह्यलं म्हनता, अन् घरात जायले भोक ठेवलं नाई.”

४) तरी वायू ओढून टाकीत भरणारे यंत्र व ते चालवणारा जाणकार माणूस पाठवावा. वायू बंदिस्त झाला की फ्रिज भंगारात जाण्यास, कोंबडीखेरीज कोणाचीच हरकत राहणार नाही. माझे भाषण खोटे ठरणार नाही व परातही येईल.

यंत्र यायला वेळ लागणार असल्यास तक्रार नाही. ओझोनचा थर भरून यायलाही बरीच वर्षे लागतील, हे मीच सांगितले आहे. तोवर कार्यालयातील कोणताही एक माणूस पाठवून, केवळ तो सरकारी आहे या नात्याने, जगदेवचा फ्रिज दीड हात डावीकडे सरकवून द्यावा. माझी बाज तेवढ्यात बसते.

आपला, सध्या मुक्काम गोठा,
रामराव घुगे
मु. पो. किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशीम
दि. २९ सप्टेंबर २०२५

सोबत : भाषणाची प्रत (टाळ्या पडल्यानंतरचा मजकूर खोडला आहे).