कोणतं, ते सांगायचं होतं

बाबा, आज मी चिडलेली आहे आणि राग तुमच्यावरच आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की भांडायला समोर माणूस उरला नाही. पण भांडण शिल्लक आहे, त्याला मी काय करू?

आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल, "दिवसभर त्या डब्ब्यापुढं बसून काय करते वं?" पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. कोणतं काम कोणाकडे आहे, कुठवर आलंय, हे बांधकामवाले लोक त्यात ठेवतात. आता त्यात एक एजंट बसवलाय, म्हणजे आपलं बोलणं समजून घेऊन काम करणारं यंत्र. माणूस साध्या भाषेत सांगतो आणि एजंट आपल्या पेटीतलं एक हत्यार उचलतो. नवं काम उघडायचं एक, तारीख बदलायचं एक, काम बंद करायचं एक, कायमचं काढून टाकायचं एक. पण ती हत्यारं त्याला डोळ्यांनी दिसत नाहीत. प्रत्येकाखाली आम्ही जे चार शब्द लिहून ठेवतो, त्यावरूनच त्याला कळतं की हे कशाचं. ते शब्द लिहायचं काम माझं. बुलढाण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत बसून मी ते करते.

परवा एका साईटवरच्या इंजिनिअरने एजंटला लिहिलं, "टाकीचं काम आता नको." त्याला म्हणायचं होतं, सध्या थांबवा. एजंटने टाकीचं काम काढूनच टाकलं, मापं, फोटो, लोकांचे शेरे, सगळ्यासकट. परत काही मिळालं नाही. लगेच मीटिंग लागली. मला वाटलं, आता एजंटचा उद्धार होणार. पण आमच्या साहेबांनी शांतपणे त्या काढून टाकायच्या हत्याराचं वर्णन पडद्यावर उघडलं. माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलं होतं, "काम हटवते." बस, एवढंच. साहेब म्हणाले, "यावरून त्याने काय समजायचं? चूक त्याची नाही, आपल्या सांगण्याची आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी माझा माईक आणि कॅमेरा बंद केला, कारण मला एकदम तुम्ही आठवलात.

तुम्हाला आपल्या बुलढाण्याकडच्या उंद्रीजवळचं ते शेत आठवतं का? मी तेव्हा आठवीत होते. बोअरमधली मोटार काढायला तुम्ही निघालात आणि मी हट्ट करून गाडीवर मागे बसले, कारण मला तुमचंच काम शिकायचं होतं. बोअरवर तीन पायांची लोखंडी घोडी उभी आहे, साखळीला पाइप लटकलाय, तुम्ही वाकलेले आहात. माझ्याकडे न बघता तुम्ही हात मागे करता. "ते दे."

माझ्यापुढे पोत्यावर दहा वस्तू पडल्या आहेत. मी पाइप पाना देते. तुम्ही तो मातीत फेकता. "डोयात माती गेली का वं? हे मांगतलं म्या?" शेतमालक हसतो. तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणता, "पोरीले काय समजते यातलं. जाय घरी, मायले मदत कर." मी भर उन्हात पायी घरी आले. दुसऱ्या खेपेपासून तुम्ही काकांच्या मुलाला नेऊ लागलात. मला पुन्हा कधी विचारलंही नाही.

मी ढ नव्हते हो बाबा. तुम्ही सांगितलं नव्हतं. एका यंत्राने लोकांचं आख्खं काम बुडवलं, तर शिकलेसवरलेले लोक गोल बसून विचारतात, याला सांगण्यात आपलं काय राहिलं? आणि पोटच्या पोरीने एक पाना चुकीचा दिला, तर तिच्या अकलेचा निकाल तिथल्या तिथे, परक्या माणसासमोर. यंत्राला जेवढी माणुसकी मिळाली, तेवढीही मला मिळाली नाही. आईपुढे हे बोलले तर ती म्हणाली, "तुह्या बापाले तरी कोणं सांगून शिकवलं? मार खाऊनच शिकले ते." असेल. मग एवढा मार खाल्लेल्या माणसाला तर ते जास्त कळायला हवं होतं.

मीटिंगनंतर ते वर्णन मी नव्याने लिहिलं. हे हत्यार काय करतं. कधी वापरायचं. कधी वापरायचं नाही: माणूस 'नको', 'थांबवा', 'राहू द्या' म्हणाला, तर हे नाही, बंद करायचं हत्यार घ्यावं. काढून टाकलेलं परत मिळत नाही. शंका आली तर आधी विचारावं. मग ते तपासायला म्हणून मी एजंटला तुमचे शब्द टाकले, "ते दे." त्याने विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवं आहे?" एवढं सोपं होतं ते. मला का विचारता आलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापुढे 'कोणतं?' म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती होती?

मी त्याला उत्तर लिहिलं. क्लॅम्प. बोअरच्या तोंडाशी पाइप धरून ठेवतो. वरचा पाइप खोलताना खालचा निसटून मोटारीसकट आत जाऊ नये, म्हणून आधी हाच लावायचा. पाना त्यानंतर. हे मला तुम्ही शिकवलं नाही. दुसऱ्यांच्या शेतांच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून मी ते बघून घेतलं. आणि खरं सांगायचं तर अजूनही मेहकरच्या एसटीतून जाताना कुठे घोडी उभी दिसली, की मी मान वळवून बघते, क्लॅम्प लावलाय का.

हे सगळं मी कामाच्याच सॉफ्टवेअरमध्ये, माझ्या सरावाच्या कोपऱ्यात, तुमच्या नावाने एक काम उघडून लिहिलंय. पाठवायला पत्ता नाही आणि राग गेलेला नाही. उठताना ते काढून टाकायला गेले आणि माझंच वर्णन समोर आलं. काढून टाकलेलं परत मिळत नाही. मी ते नुसतं बंद केलं, बाबा. बंद केलेलं पुन्हा उघडता येतं.