बाबांचा डावा पाय

प्रिय दादा,

जीप विकायची नाही म्हणजे नाही. आणि त्या फाटकाचं परत काढू नकोस. त्या दिवशी तू शेजारी बसला होतास म्हणून तुला सगळं कळलं असं होत नाही. बाबांनी क्लच दाबला, तरी जीप पुढे सरकली आणि फाटकाला जाऊन लागली. तू म्हणालास, ऑपरेशननंतर डाव्या पायात जोर राहिला नाही. डॉक्टरांनी चालवायला हो म्हटलं होतं, तरी बाबांनीही तेच मानलं. गाडीखाली कुणी वाकून बघितलंच नाही. घरात एवढे शहाणे, आणि सगळ्यांनी मिळून एका पायावर खापर फोडलं.

तेव्हापासून ते कसे राहतात, ते तुला फोनवर दिसत नाही. जिना चढताना डावा पाय आधी टाकत नाहीत. बाजारात जायचं तर माझ्या स्कूटरवर मागे बसतात, पिशवी मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखे. तू जीपला गिऱ्हाईक आणतोयस म्हटल्यावर नुसतं 'बरं' म्हणाले. माझ्यापेक्षा वयाने मोठी जीप, आणि तिच्यासाठी एवढंच.

विकायच्या आधी धुऊन ठेव, असं तूच सांगितलंस. धुताना खाली वाकले तर क्लचचा खालचा सिलिंडर ओलाचिंब. आतलं रबर गेलेलं, ऑइल गळून गळून वरच्या डबीत तळाला उरलेलं. म्हणजे तिथे पैलवान बसवला असता तरी तो क्लच सुटणार नव्हता. बाबांना सांगितलं तर म्हणाले, उगाच माझी समजूत काढू नकोस.

नवा सिलिंडर मी बसवला. गंजलेल्या बोल्टांना थोड्या शिव्या मी दिल्या, बाकीच्या त्यांनी सुचवल्या. पण नंतर नळीतली हवा काढायला माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली पडून निपल उघडायचं, हवा सोडायची, बंद करायचं, मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला की हवा परत आत. बाबांना खाली झोपता येत नाही, म्हणजे पेडल त्यांच्याकडे. ते म्हणाले, शेजारच्याला बोलव. मी खाली शिरले आणि ओरडले, दाबा. बराच वेळ काहीच नाही. मग दाबलं. धरा म्हटलं, धरलं. माझा पाना घसरला, हात ऑइलने बरबटलेले, निपल बंद होईना. तर वरून डाफरले, "अगं, झोपलीस का खाली? मी धरलंय की." दादा, सिलिंडरचा दांडा माझ्या नाकासमोर होता. बाबांचा पाय जरा ढिला पडला असता तर तो मागे सरकला असता. तसूभरही हलला नाही.

आज सकाळी त्यांनी एक लांब चक्कर मारली. गिअर आवाज न करता पडले. उतरले तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता, आणि लगेच पडला. म्हणाले, तुझ्या दादाने गिऱ्हाईकाला शब्द दिलाय गं. हॉस्पिटलात त्यांना उचलून बसवणारा तूच होतास, तुझी काळजी आम्हाला कळते. म्हणूनच तुझ्या तोंडावर ते नाही म्हणू शकत नाहीत. आज तू गिऱ्हाईक घेऊन समोर आलास की मुकाट्याने किल्ली काढून देतील. म्हणून हे पत्र शेडच्या दाराला अडकवतेय, आणि म्हणून शेड रिकामी आहे. आम्ही संध्याकाळपर्यंत येत नाही. बाबा चालवणार, मी शेजारी बसणार. गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते तू बघ. फोन करू नकोस, तो घरातच ठेवलाय. हॉर्न वाजवतायत, निघते.

तुझीच,
शेंडेफळ