फॉर्म माझ्याकडेच येतो

सोमवार, ७ ऑक्टोबर

पाचशे बारा पानं! एवढी आमची वेबसाइट, आणि त्यातली निम्मी मीच लिहून विसरलेय. आजपासून सगळं नव्या सिस्टीममध्ये हलवायचं. त्यासाठी बाहेरून एक बाई आल्यात – चष्मा कायम कपाळावर, डोळ्यांवर कधीच नाही. मी त्यांचं नाव स्थलांतरबाई ठेवलंय. आल्या आल्या म्हणाल्या, "घर बदलताना आधी माळा उघडायचा." आमच्या माळ्यावर काय असणार? घरी वापरायचे रुग्णांचे पलंग विकतो आम्ही. फोटो, मापं, कठडा कसा लावायचा, संपलं.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला जुनी वेबसाइट कायमची बंद. साहेबांनी फळ्यावर लाल अक्षरात लिहून ठेवलंय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

"ही पेटी कसली हो?" बाईंनी विचारलं.

'संपर्क' फॉर्मवर लोक जे लिहितात त्याची मेल माझ्याकडे येते, आणि एक प्रत जुन्या सिस्टीमच्या पोटात राहते. ती पेटी मी जन्मात उघडली नव्हती. कशाला उघडू? मेल येतेच की. हल्ली येत नाही, कारण लोक फोन करतात – असं माझं मत. तीन वर्षं लागोपाठ मी वार्षिक बैठकीत 'वेबसाइटवरच्या तक्रारी : शून्य' असं पडद्यावर दाखवलंय. टाळ्याही घेतल्यात.

पेटीत एक हजार आठशे सहा निरोप. एकही वाचलेला नाही.

बाईंनी पाणी आणून दिलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

दिवसभर वाचतेय, नव्याकडून जुन्याकडे. बरेचसे साधे. एकाने विचारलंय, पलंग दारातून आत जाईल का. त्याला एव्हाना कळलं असेल. पण मध्येच – "कठड्याचा खटका आपोआप सुटतो." "कठडा धाडकन खाली येतो, सासरे घाबरतात." "तिसऱ्यांदा लिहितोय, तिथे कुणी आहे का?" अजून निम्म्यावरही पोचले नाही आणि खटक्याच्याच एकतीस तक्रारी. सगळ्या एकाच मॉडेलच्या.

आईसाठी घेतला होता तोच.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "जुना कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? पानं हलव. पेटी शुक्रवारी आपोआप जाईल." मी म्हटलं, "साहेब, माणसं पडली असतील." तर त्यांनी फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

आई डोक्यातून जात नाहीये. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ती त्या पलंगावरून पडली, भर दुपारी. खुबा मोडला, आणि तीन महिन्यांत गेली. मी पोचले तेव्हा कठडा खाली लोंबत होता. काका, मावशी, सगळ्यांसमोर मी बाबांना म्हणाले, "कठडा लावायचा, एवढं एकच काम होतं तुमच्याकडे." बाबा माझ्याकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का – घेतली.

आणि खटकाच वाईट असेल तर?

गुरुवार, १० ऑक्टोबर

मेल जात कुठे होत्या, ते सापडलं. कुणावर तरी खापर फोडायच्या तयारीनेच बसले होते मी. बाईंनी सेटिंग उघडलं. चार वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या रजेवर जाताना सगळे निरोप शेजारच्या टेबलावरच्या ताईंकडे वळवलेले. तीन महिन्यांपुरते. पुढे ताई नोकरी सोडून गेल्या, त्यांचा पत्ता बंद झाला, आणि निरोप परत वळवायचे राहून गेले. बदल कुणी केला तेही तिथेच – माझं नाव. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

फॉर्म पाठवला की पडद्यावर येतं, 'आपला निरोप आमच्यापर्यंत पोचला आहे.' हे वाक्यही माझंच.

नवऱ्याला सांगितलं. "मुद्दाम थोडंच केलंस तू?" म्हणाला. तरी मला जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सहाच्या आत जमेल तेवढं छापून घ्यायचं ठरवलं. साहेबांना विचारलं नाही. बाई प्रिंटरमध्ये कागद भरत होत्या, मी वाचत होते. दुपारी दोन वर्षांपूर्वीच्या जूनला पोचले.

"महोदय, आपल्या पलंगाच्या डाव्या कठड्याचा खटका वारंवार सुटतो. तूर्तास दोरीने बांधला आहे. रुग्णास स्वतःला सावरता येत नाही. कृपया लवकर माणूस पाठवावा. कळावे." तारीख दोन जून. खाली बाबांचं नाव.

आई अकरा जूनला पडली.

अहो, पण मला फोन करायचा ना बाबा! आधी हेच मनात आलं, आणि मग आठवलं. सगळे नातेवाईक उठसूट पलंगासाठी माझं डोकं खायचे, तेव्हा वैतागून मीच बाबांनाही म्हटलं होतं, "पलंगाचं काही असेल तर फॉर्म भरा, बाबा. फॉर्म माझ्याकडेच येतो." त्यांचं आयुष्य नोंदणी कार्यालयात गेलेलं. फॉर्म भरा म्हटल्यावर ते फॉर्मच भरणार.

मी प्रिंटरपाशी खाली बसून रडले. लाज वाटली नाही.

साडेपाचला खटक्याच्या तक्रारींचे छप्पन्न कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. बाबांचा सर्वांत वर. म्हटलं, "हे मॉडेल परत मागवायचं. आणि चूक माझी आहे, तेही लिहून आणलंय." ते वरचं आडनाव वाचून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या माहेरचं आडनाव त्यांना माहीत आहे.

जुनी वेबसाइट आज बंद झाली नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

बाबांकडे गेले. कागद पुढे ठेवला. म्हटलं, "हे मी काल वाचलं, बाबा."

"काल?" म्हणाले. कागद उचलून वरची तारीख वाचली. मग म्हणाले, "आम्हाला वाटलं, तू तेव्हाच वाचलंस. नोकरीपायी बोलता येत नसेल तुला. तुझ्या आईने बजावलं होतं मला, पोरीला काही विचारायचं नाही म्हणून."