वेणूच्या नावाची सूट

डब्लिन, ओहायो
ऑक्टोबर २००६

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घालते आहे. खरा घातला तर उठवायला माणूस लागेल, आणि इथे दुपारी घरात माणूस नसतो. त्याचंच हे पत्र आहे.) तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि आता सुनेचे सगळे दोष स्वच्छ दिसत असतील अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे, असं मी म्हणते. शशिकांतचं म्हणणं वेगळं आहे. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्यासाठी ओरडून सांगितलेलं इथे साऱ्या घराला ऐकू जातं. म्हणून चौथीतल्या अक्षरात लिहिते आहे. नवा चष्मा लाव आणि एकटी असताना वाच.

रुचाची नोकरी उन्हाळ्यात गेली हे तुला माहीत आहेच. माझी ही सून रडत बसली नाही, एवढं तिचं कौतुक करते. तिने तळघरात दुकान काढलं. दुकान म्हणजे कम्प्युटरमध्ये. पाटी नाही, गल्ला नाही, गिऱ्हाईक तोंड दाखवत नाही. मेतकूट, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या, मी वळलेल्या फुलवाती, सगळं तळघरात फळ्यांवर मांडलेलं, आणि गिऱ्हाईक बसलंय टेक्सासमध्ये. दिवाळी जवळ आली तशी रुचा म्हणाली, आई, डिस्काउंट ठेवायला हवा. मी म्हटलं, ठेव की. आपल्या वेळी सूट मिळवायला अंगात कसब लागायचं. पिशवी उचलायची, दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागायचं, आणि मागून "अहो बाई, या इकडे" ऐकू येईपर्यंत मान वळवायची नाही. आपला कासार तर पैशाने कधी उतरला नाही, पण डझनावर एक बांगडी जास्तीची चढवायचा आणि वर आशीर्वाद दिल्यासारखा बघायचा. इथे तसलं काही नाही. एक शब्द ठरवायचा. ज्याला तो ठाऊक त्याने चौकटीत लिहायचा, की किंमत उतरते. लिहिणारा कोण, साव की चोर, जिवंत की कसा, यंत्र विचारत नाही. मी तेव्हाच म्हटलं, रुचा, याला दुकान म्हणत नाहीत, मंत्र म्हणतात. आणि मंत्र म्हटल्यावर कोण येऊन उभं राहील ते आपल्या हातात नसतं. ती हसली. शिकलेली माणसं आधी हसतात.

दिवाळीचा शब्द जाहीर करायच्या आधीच फुटला. बेलव्ह्यूच्या कुणी शैलजाबाई आहेत, त्यांनी तो शब्द आणि नव्या गिऱ्हाइकांचा शब्द एकावर एक लावले आणि फुलवातींचे पुडे जवळजवळ फुकट नेले. (बाई हुशार. मला भेटायला आवडेल.) तेव्हा रुचा घाबरली. म्हणाली, आता सगळं आधी आपणच करून बघायचं, त्यासाठी एक खासगी शब्द हवा, कुणाच्या डोक्यात येणार नाही असा. त्या शब्दाला पूर्ण सूट, म्हणजे वस्तू फुकट. मी वाती वळत बसले होते. म्हटलं, माझं माहेरचं नाव घाल. लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने "सत्यभामा" लिहिलं, सासूबाईंनी हात फिरवून तांदूळ सारखा केला, आणि वेणू तिथेच संपली. तुझ्याशिवाय त्या नावाने मला पुन्हा कुणी हाक मारली नाही. यांनी नाही, आणि पोरांना तर मी ते सांगितलंही नाही. रुचाने त्या नावाची इंग्रजी चार अक्षरं करून एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी कम्प्युटरला डकवली. पहिलं अक्षर नरसाळ्यासारखं, शेवटचं पेल्यासारखं. मी गमतीने म्हटलं, मेलेल्या मुलीचं नाव आहे, ती काही मागायला यायची नाही. गमतीत बोललेलंच नेमकं ऐकलं जातं, ताई.

आठवडा गेला नसेल, रुचा छापलेला कागद घेऊन वर आली. ऑर्डर होती एक डझन हिरव्या बांगड्यांची, सगळ्यांत लहान मापाच्या, पोरीच्या हाताच्या. नाव वेणू. आडनाव आपलं माहेरचं. पत्ता याच घराचा. रुचाला वाटलं शशिकांतने चाचणी केली. शशिकांतला वाटलं रुचाने. मग रुहीला विचारलं. नऊ वर्षांची नात, तिला मराठी कळतं पण बोलताना लाज वाटते. ती म्हणाली, "हू इज वेणू?" मी ताटं वाढायला घेतली. उत्तर मला देता आलं असतं. पण वरण गार होत होतं.

तुला इथली दुपार माहीत नाही. आपल्याकडे तिन्हीसांजा वाईट म्हणतात, इथे दुपारच वाईट. शशिकांत ऑफिसात, रुही शाळेत आणि रुचा पार्सलं टाकायला, माल आणायला गेली की घर असं गप्प होतं की जणू कुणी ऐकतं आहे. रस्त्यावर पानं पडतात, तीही आवाज न करता. आणि मधेच तळघरातली गरम हवेची भट्टी आपसूक घोरायला लागते. मी जेवून वाती वळते, जरा डोळा लागतो. एकदा जागी होऊन खाली गेले तर कम्प्युटर उजळलेला, आणि खुर्ची दाराकडे तोंड करून होती, जसं कुणी उठून माझ्याकडेच येत होतं. मी खुर्ची सरळ केली आणि पडदा फडक्याने पुसला. त्या यंत्राचा आणि माझा संबंध धुळीपुरता.

मग दुसरी ऑर्डर आली. तेच नाव, तोच पत्ता, त्याच हिरव्या बांगड्या, फक्त एक माप मोठ्या. आणि खाली गिऱ्हाइकाला काही सांगायचं असेल तर लिहायची जागा असते, तिथे विचारलं होतं, गाभुळलेली चिंच ठेवता का. रुचाने मला विचारलं, आई, गाभुळलेली म्हणजे काय? मी सांगितलं, कच्ची नाही आणि पिकलीही नाही अशी. सांगताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि रुचाने ते बघितलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलते. चिठ्ठी तिने फाडली, तो शब्दही बंद करून टाकला. शशिकांत माझ्या शेजारी येऊन बसला, खांद्यावर हात ठेवला (यांच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच) आणि म्हणाला, "आई, तुला बांगड्या घालाव्याशा वाटल्या तर घाल ना. आता कोण काय म्हणतंय? लपवायचं कशाला?" विधवा आईला हिरव्या बांगड्यांची हौस आली, आणि हा ते मोठ्या मनाने माफ करत होता. मला राग आला. म्हटलं, "विधवा मी आहे, वेणू नाही. तिचं लग्नच झालेलं नाही, तिला कोण अडवणार?"

हे बोलायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने डॉक्टरची वेळ घेतली. दिवाळीनंतर जायचं आहे. तो डॉक्टर आज वार कोणता आणि राष्ट्राध्यक्ष कोण ते विचारणार म्हणे. वार सांगेन. राष्ट्राध्यक्षाला माझं नाव कुठे ठाऊक आहे? पण उत्तरं चुकली तर मला दिवसा घरी एकटी ठेवायचं नाही, म्हाताऱ्यांच्या पाळणाघरात ठेवायचं, असं दोघांनी स्वयंपाकघरात इंग्रजीत ठरवलं आहे. (इंग्रजी मला येत नाही. पण माझ्याबद्दलचं इंग्रजी समजतं.) तिथे म्हणे टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि मग जेली खायची. ताई, मी या हातांनी सहा बाळंतपणं केली, सासरे आणि चुलतसासरे सांभाळले, मला जेली भरवून घ्यायची नाही. आणि खरं सांगायचं तर, मी गेल्यावर ती दुपारभर घरात एकटी पडेल.

मिरजेतल्या सर्वांना नमस्कार-आशीर्वाद, ज्याला जे लागू पडेल ते.

तुझी धाकटी बहीण
(नाव घालत नाही. कारण वर आहे, आणि खालीही आहे.)

ता. क. : काम असं की तुझा संग्राम सनीव्हेलला कम्प्युटरचंच काहीतरी करतो. तू शशिकांतला लिही की माझं जुनं नाव तूच नातवाला सांगितलंस, चिंचेचंही सांगितलंस, आणि त्याने आजीची गंमत केली. संग्रामलाही तसं बजावून ठेव. खोटं लिहायला सांगते आहे, पण तुला सराव आहे. आणि खरोखरच त्याला सांगितलं असलंस, तर तसं मला वेगळ्या कागदावर कळव. झोप लागेल.

ता. क. दुसरा : तिसरी ऑर्डर मी केली. काल दुपारी. फक्त बघायला बसले होते. बांगड्यांचं चित्र दाबलं, पुढचं माप घेतलं, ते माझं. नावाच्या चौकटीत नरसाळं एवढं एकच अक्षर दाबलं, तर बाकीचं नाव, आडनाव, पत्ता, सगळं खाली आपोआप उमटलं. संध्याकाळी रुहीला सहज विचारलं. ती म्हणाली, त्या कम्प्युटरवर आधी जे लिहिलेलं असतं तेच तो दाखवतो. म्हणजे आधीच्या दोन्ही ऑर्डरी याच खुर्चीत बसून कुणीतरी केल्या. आणि दुपारी घरात मी एकटीच असते. बंद केलेला शब्दही त्याने मुकाट घेतला. डबा मीच फळीवरून काढला. बांगड्या बरोबर बसल्या. डझनावर एक होती.

ता. क. तिसरा : उत्तराच्या पाकिटावर "सत्यभामा" असंच घाल. सवयीने वेणू लिहिलंस, तर पत्र पोचेल, पण कुणाच्या हातात पडेल ते मला सांगता येणार नाही.