साळवेपाड्याच्या वळणावरची लाइन

माजिवडा, ३ जून २०२५

ती. बाबांना सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई मध्येच बोलत राहते, म्हणून कागद घेतला. मी बरी आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास जातात, घरी आल्यावर भात टाकायचंही जिवावर येतं.

एक काम आहे. साळवेपाड्याला सात टॉवर येतायत. त्यांच्याकडून सांडपाण्याचं शुल्क किती घ्यायचं, ती फाइल पालिकेत माझ्याकडे आलीय. हिशेब साधा आहे. घरात पाच माणसं, माणशी एकशे पस्तीस लिटर पाणी, त्यातलं ऐंशी टक्के गटारात. तेवढं जुन्या लाइनीत मावलं, तर बिल्डरने जुन्या लाइनीचा वाटा भरायचा. नाही मावलं, तर नवी लाइन टाकायची आणि तिचा खर्च त्या नव्या घरांवर. नकाशात लाइन शेवटपर्यंत दोन फुटी आहे, अर्धी रिकामी. पण तिथल्या चाळीतल्या बायका सांगतात की मोरीतून पाणी उलटं वर येतं.

ड्रेनेज खात्यातली तुमची अठ्ठावीस वर्षं त्याच लाइनीवर गेली. ती कुठे अरुंद आहे का? साहेबांना पंधरा दिवसांत आकडा हवाय.

आईला सांगा, लोणचं संपलं. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची माया

खडवली, ९ जून

चि. मायाला जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघा दुखतो, बाकी ठीक. तू विचारलंस ते आता आठवत नाही. किती लाइनी, किती चेंबर, सगळं डोक्यातून गेलं. नकाशा इंजिनिअर लोकांनी काढलेला, तो बरोबरच असणार. त्यावरून आकडा काढ आणि मोकळी हो. वेळेवर जेवत जा.

तुझा बाबा, कुंडलिक

खडवली, १२ जून

माया, जयभीम.

चौथीपर्यंतचं माझं अक्षर, सांभाळून वाच. तुझ्या बापाने तुला खोटं लिहिलंय. तुझं पत्र आल्यापासून ताटात अर्धी भाकरी तशीच राहते. दुपारी डोळा लागला की जगनला हाक मारतात. जगन त्यांच्या जोडीचा कामगार. त्याच लाइनीत उतरलेला तो वर आलाच नाही. तू सहा वर्षांची होतीस. मला यांनी कधी धड सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. तू विचार, पण हळू. लोणच्याची बरणी शेजारच्या रवींद्रबरोबर पाठवते.

आईची माया तुझ्यावर आहेच.

शांताबाई

खडवली, २३ जून

चि. माया, जयभीम.

तुझ्या दुसऱ्या पत्रात एकच ओळ होती, जगनकाकांना काय झालं होतं. तीन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो.

एक्क्याण्णव साली ती लाइन टाकली. शाळेमागच्या वळणावर काळा दगड लागला. फोडायला वेळ आणि पैसा जाणार म्हणून ठेकेदाराने चाळीस हात लांब एक फुटी पाइप टाकला आणि माती लोटली. नकाशात दोन फुटीच राहिला. मी आणि जगनने डोळ्यांनी पाहिलं. मुकादम म्हणाला, तोंड उघडाल तर कायम व्हायचं विसरा. आम्ही गप्प राहिलो आणि कायम झालो.

मग ती जागा दरवर्षी तुंबायची. शहाण्णव साली जगन तिथे उतरला. वर दोर माझ्या हातात होता. खालून आवाज बंद झाला तेव्हा ओढला, पण उशीर झालेला. आत वायू होता. कागदावर लिहिलं, पाय घसरून मृत्यू. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तुझी शाळा, कॉलेज, सगळं त्या पगारावर झालं.

फाइलीत लिही. माझ्या नावासकट लिही.

बाबा

माजिवडा, १९ सप्टेंबर

ती. बाबांना सप्रेम जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही, लिहिण्याजोगं काही हातात नव्हतं. साहेब म्हणाले, म्हाताऱ्या कामगाराची आठवण म्हणजे पुरावा नाही. नकाशावरून काढलेल्या आकड्यावर मी सही केली नाही. पाइपात कॅमेरा सोडा म्हणून चार पत्रं दिली. बिल्डरची माणसं रोज टेबलासमोर येऊन बसायची. शेवटी मागच्या आठवड्यात कॅमेरा सोडला. शाळेमागच्या वळणावर तो अडकला.

जुनी चूक नव्या घरांच्या माथी मारता येत नाही, असा नियम आहे. बरोबरच आहे तो. म्हणून ते चाळीस हात पालिका स्वतःच्या पैशांनी उकरणार, आणि जादा पाण्यासाठी लागेल तेवढ्याच नव्या लाइनीचा खर्च टॉवरवर बसेल. फाइलीत त्या जागेला ‘जुनी उणीव’ म्हटलंय. दोन शब्द. जगनकाकांच्या मृत्यूचा कागद मागितला, तर तो जुन्या दप्तराबरोबर नष्ट केल्याचं कळलं. तुमचा जबाब मात्र मी तुमच्या नावासकट जोडलाय.

काल जगनकाकांच्या बायकोला, सखुबाईंना, भेटले. त्याच चाळीत राहतात. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की माणूस घसरून मेला नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, दोर कोणाच्या हातात होता. मी तुमचं नाव सांगितलं. मी उठले तेव्हा म्हणाल्या, त्याला एकदा घेऊन ये.

त्या रागावल्यात की नाही, मला कळलं नाही, बाबा. खूप दमलेय मी, आणि तुम्हीही. तरी रविवारी सकाळी न्यायला येते. तयार राहा.

तुमची माया