डोमेनच्या यादीचं एक पान

सोमवार, ३ जून
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी आपलं चरित्र लिहायला बसलं तर त्याची सोय.

मोठं काम मिळालं. आमची कंपनी लोकांच्या मेल पाठवून देते. आता एक टूल झालंय. ग्राहकाकडे मेलची कुठकुठली डोमेन आहेत, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येतं ते नाव, त्यांची यादी ते देतं. कुठलं मंजूर, कुठलं लटकलेलं, तेही सांगतं. टूल वापरणार एआय एजंट, म्हणजे माणसाऐवजी आपणहून कामं करणारे प्रोग्राम. त्यांनी ते कसं वापरायचं हे सांगणारं एक पान मी लिहायचं.

आमच्या टीमच्या लीडबाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत द्या. जपून लिहा, एजंट लिहिलेलं शब्दशः करतो. आणि महिनाअखेर तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, पर्मनंट करायचं की नाही ते या पानावर ठरवू.

एक पान! डाव्या हाताचा मळ. घरी सांगून टाकलं, पर्मनंट झालो म्हणून. होणारच आहे, चार दिवस आधी सांगितलं इतकंच.

मंगळवार, ४ जून
हिला इतका आनंद झाला की मलाच कसंतरी झालं. आठ वर्षं कॉल सेंटरमध्ये लोकांच्या शिव्या खातेय बिचारी. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नंबर लागलाय. म्हणाली, तू पर्मनंट झालास, आता सोमवारी राजीनामा देते. म्हटलं, दे की बिनधास्त! सासूबाईंचा फोन आला. लग्नानंतर पहिल्यांदा माझं कौतुक केलं.

ऑफिसात प्रस्तावना लिहिली. टपालापासून ईमेलपर्यंतचा प्रवास. दीड पान झालं. टूलचं उद्या.

बुधवार, ५ जून
टूल बनवणारा इंजिनिअर माझ्या शेजारीच बसतो. दिवसाला दहा शब्द बोलतो म्हणून मी त्याला मौनीबाबा म्हणतो. आज अकरावा बोलला. म्हणे, लिहायच्या आधी चालवून बघा, चार-पाच डोमेनवालं टेस्ट अकाउंट देतो. मी आपलं माझ्याच अकाउंटवर एकदा चालवलं. एकच डोमेन आलं, मंजूर. शितावरून भाताची परीक्षा. त्याला तसं सांगितलं तरी टेस्ट अकाउंटचा पासवर्ड लिहून माझ्या टेबलावर ठेवला. जळतो मेला.

गुरुवार, ६ जून
लीडबाईंनी तीनदा विचारलं, कुठवर आलंय. म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. पहिला हात अजून फिरायचाय. प्रस्तावना मात्र काढायला लावली. गुण ओळखणारं कुणी नाही.

लटकलेल्या डोमेनबद्दल काय लिहायचं? मौनीबाबाला विचारावं तर म्हणेल, याला एवढंही कळत नाही. नाही विचारत.

संध्याकाळी हिने राजीनामा वाचून दाखवला. तीनच ओळी. म्हटलं, जरा फुलवून लिही. म्हणाली, जायचंच आहे तर फुलवायचं कशाला?

शुक्रवार, ७ जून, ४.५०
सुटलो! ऐन वेळी वाक्य सुचलं: 'डोमेन लटकलेले दिसल्यास शंका फिटेपर्यंत यादी पुन्हा मागवावी.' काय वजन आहे!

लीडबाई मीटिंगला निघाल्या होत्या. विचारलं, इंजिनिअरने तपासलंय ना? म्हटलं, हो. तपासलं असतं तरी त्याला काय सापडणार होतं? पान लगेच लागू झालं.

रविवार, ९ जून
ही कोर्सची पुस्तकं घेऊन आली, कव्हरं घालत बसली. उद्या सकाळी दहाला साहेबांच्या हातात पत्र देणार. सांगावं का, की अजून तसं पक्कं नाही? नको. उगाच विरजण पडायचं. उद्या होईलच पक्कं.

सोमवार, १० जून, ९.२०
घोटाळा. एका शाळेचं एक डोमेन लटकलेलं होतं. मंजुरी माणूस बघून देतो, त्याला दोन-तीन दिवस लागतात. हे मला कोण सांगणार? एजंटने माझं पान वाचलं आणि शनिवारपासून यादी मागवत सुटला. एकसष्ट हजार वेळा! सर्व्हर आडवा. परीक्षेच्या वेळापत्रकाची एकही मेल पालकांना गेली नाही.

लीडबाईंनी मौनीबाबाला विचारलं, पान तपासलं होतंस का. तो म्हणाला, दाखवलंच नाही. लीडबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही. पान काढून टाकलंय. त्याच्याशिवाय एजंट व्यवस्थित चाललेत म्हणे.

९.२५
जिन्यात बसलोय. हिला थांबवलं पाहिजे. पस्तीस मिनिटं आहेत, भरपूर. फोनवर नुसतं 'देऊ नकोस' म्हटलं तर घाबरेल. मेसेज करतो. नीट, समजावून.

९.४०
पहिला मसुदा फार कोरडा. आधी थोडी पार्श्वभूमी हवी.

९.५५
सर्व्हरचा भाग छान उतरलाय. आता माझी बाजू.

१०.१२
पाठवला. खरंच चांगला झालाय.

१०.१४
उत्तर आलं. दहाला दिलं. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. खाली लिहिलंय, फोन का नाही केलास?

१०.३०
फोन वाजतोय. तिचाच. तिसऱ्यांदा.