शनिवारची रद्द लढत

प्रिय चित्त्या,

बावीस वर्षं दर महिन्याला तुझ्या उशाशी येऊन बसतो, पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय. समोर बसून जीभ रेटत नाही. अक्षर सांभाळून घे.

सहा महिन्यांपूर्वी तुझी लेक गॅरेजवरच्या माझ्या ऑफिसात आली आणि म्हणाली, "काका, बाबांसारखं कुस्तीच्या रिंगमध्ये उतरायचंय." तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण पोरीची उडी बघितली आणि माझ्यातला आयोजक जागा झाला. तुझ्या अपघातानंतर मी अंगातली चड्डी उतरवली ती उतरवलीच. हॉल भाड्याने घेतला, इतरांना लढवत राहिलो. मित्राच्या दुःखाने खेळ सोडला, असं लोक म्हणाले. मी म्हणू दिलं.

शनिवारची पोस्टरं लागली. समोर आमची वाघीण, दहा वर्षं याच नावाने माझा हॉल भरणारी. आपल्या धंद्यात निकाल आधी ठरतो, पण जीव समोरच्याच्या हातात असतो, हे तुला मी काय सांगू!

काल दुपारी सराव होता. खुर्च्या लावणारे, तिकीटवाली, सगळे हातातलं काम टाकून तुझ्या लेकीसाठीच टाळ्या वाजवत होते. मग ती उलटी फेक आली, जिच्यात तुझी मान गेली. वाघिणीने तिला खांद्यावर घेतलं आणि मला वाघिणीचा चेहरा दिसला. मी ओरडलो, "खाली ठेव! हळू ठेव!" तिने ठेवलं. मी तिथल्या तिथे लढत रद्द केली.

"मी काय केलं?" वाघीण म्हणाली. काहीच केलं नव्हतं तिने. तुझी लेक मात्र भडकली. "कारण सांगा, काका." मी खुर्च्या गोळा करायला लागलो. "ठीक आहे, रविवारी घरी गेले की बाबांनाच विचारते," म्हणाली आणि बॅग उचलून निघून गेली.

ती विचारण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. वाघिणीचा तो चेहरा मी ओळखतो. त्या दिवशी अख्खा हॉल तुझ्या नावाने दणाणत होता, तू माझ्या खांद्यावर होतास, आणि माझं नाव कुणीच घेत नव्हतं. घामाने पकड सुटली, असं मी डॉक्टरांना सांगितलं, वहिनींना सांगितलं, तुला सांगितलं. पकड सुटली नव्हती, चित्त्या. मी सोडली. आणि तू अंथरुणावरून मलाच म्हणालास, "मनाला लावून घेऊ नकोस." लेकीला खरं कारण सांग. रविवारी मी जिन्याखाली उभा असेन. वर बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
गेंडा